दोनदोनाने चढणारी बेरीज

दादाशी वर्षभर अबोला होता. आईकडे तो ढुंकूनही पाहत नाही, हे आकड्यांनिशी त्याच्या तोंडावर फेकायचं, म्हणून तिने वृद्धाश्रमातून आईच्या भेटींची नोंद मागवली. ऑफिसात कॉम्प्युटरवर बसून त्या नोंदीवर चालत्या बेरजेची क्वेरी लिहिली, म्हणजे प्रत्येक तारखेपुढे तोवरच्या एकूण भेटी. दर रविवारी जाणारी ती एकटी. बेरीज एकेकाने चढायला हवी होती. पडद्यावर मात्र दोन, चार, सहा, आठ. तीनदा पुसून लिहिली, तरी तेच.

"हे मला दोनदा का मोजतंय?" ती चक्रावून शेजारच्या मैत्रिणीला म्हणाली.

"जुळी बहीण लपवून ठेवलीयस का कुठे?" मैत्रीण हसली. "अगं बाई, नुसती तारीख काय बघतेस? नाव आणि वेळही दाखव की."

तिने दाखवली. पाच वाजता ती बाहेर. पाच वाजून पाच मिनिटांनी दादा आत. एकही रविवार चुकलेला नव्हता.

पुढच्या रविवारी पाच वाजून गेले, तरी ती आईजवळच्या खुर्चीवरून उठली नाही.