ओट्यावरचा थांबा

गावात मुखरूभाऊंइतका बोलका माणूस नव्हता. धानाच्या बांधीत जाताना ते ओट्याओट्यावर टेकून गप्पा मारत. पोटरीतली कळ बसायला लावते, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. पण रिकाम्या रस्त्यावरही ते तेवढ्याच अंतरावर थांबतात, हे सुनेनं हेरलं. त्यांची गुपचूप चाललेली तेल-मालिश बंद करून तिनं त्यांना नागपूरला रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरकडे नेलं. "बिडीनं पायाची रक्तवाहिनी कडक होऊन बुजली," डॉक्टरांनी सांगितलं अन् आत फुगा फुगवून ती मोकळी केली. आज मुखरूभाऊ बांधीकडे निघाले. एक ओटा गेला, दुसरा गेला, पोटरी गप्पच! आनंदाच्या भरात, रोज चहा पाजणाऱ्या सुगंधाबाईंचा ओटाही मागे पडला. "काऊन जी भाऊ, पाय बरा झाला अन् आमाले इसरले?" चहाचा ग्लास उंचावत त्या ओरडल्या. मुखरूभाऊ हसत परतले, ऐसपैस बसले. "आतावरी पाय बसवत होता बाई, आज मी बसलो."