नवी कातडी

जामिनावर सुटलेला दिगंबर थेट वॉर्डात घुसला आणि त्याने बायको मालनचा पट्ट्या बांधलेला हात धरला. हा हात त्यानेच पेट्रोल ओतून जाळला होता. मालनच्या मांडीवरचा नाण्याएवढा तुकडा घेऊन डॉक्टर मुळगुंदबाईंनी प्रयोगशाळेत कातडी वाढवली होती आणि कालच ती या हातावर बसवली होती.

"केस मागे घे!" म्हणत त्याने हात पिरगळला. पट्टीखाली कातडी फाटली. मालन किंचाळली, पण दुसऱ्या हाताने तिने सलाइनचा स्टँड ओढून त्याच्या तोंडावर हाणला. त्याचे दात तुटले. तो खाली कोसळला तरी ती मारतच राहिली. शेवटी नर्सने तिला आवरलं.

डॉक्टरांनी पट्टी सोडून पाहिलं. "सगळी गेली गं. पुन्हा पहिल्यापासून वाढवावी लागेल."

"वाढवा, बाई," मालन धापा टाकत म्हणाली. "तोवर कोर्टात बोलायला तोंड शाबूत आहे माझं."