उल्केचं पुढचं पान

"धरा मला!" निळा मुखवटा आणि लाल झगा घातलेली उल्का वाचनालयाच्या काचखोलीत, हवेत हातपाय झाडत होती.

"आजी, यंत्र चित्रकथेतल्या माणसांना जिवंत करतं, पण त्यांना छापलेलं तेवढंच ठाऊक असतं," ग्रंथपाल रेवती म्हणाली. "मासिक बंद पडलं तेव्हा ही मनोऱ्यावरून पडत होती. अजून पडतेच आहे. आज पुसून टाकते बिचारीला."

"थांब गं!" म्हाताऱ्या कुमुदताई काचेला खेटून उभ्या राहिल्या. "उल्के, पुढचं पान मी काढलं होतं, पाटीवर. मनोऱ्याला आईचं हिरवं लुगडं बांधलंय. डावीकडे बघ!"

यंत्राने ते ऐकलं. उल्केच्या मुठीत हिरवं लुगडं आलं. ती सरसर खाली उतरली आणि धापा टाकत म्हणाली, "बाई, फार उपकार झाले."

"उपकार तुझे. तुझ्या गोष्टी वाचूनच लहानपणी मी विहिरीत उडी टाकली आणि बुडणाऱ्या धाकटीला वर काढलं. एवढं सांगायचं राहिलं होतं."

उल्का पहिल्यांदाच निवांत जमिनीवर बसली. "धाकटीचं नाव काय?"

"तिलाच विचार. बाहेर बाकावर बसलीय, गुडघ्यांच्या नावाने कुरकुरत."