तीन वाजून दहा मिनिटं

दुरुस्तीवाला नवऱ्याच्या खुर्चीत बसला, ते तिला नको होतं. पण इलाज नव्हता. कॉम्प्युटरवर त्याच्या बाजूला नेट लागत नव्हतं.

कॉम्प्युटर एकच, त्यात दोघांच्या दोन बाजू, सुरू करताना एक निवडायची. तिची विंडोज, त्याची लिनक्स. संसारातही त्यांचं असंच चालायचं. भर दुपारी बाराला तो आतून हाक मारायचा, "माझ्याकडे साडेपाच वाजले, चहा टाक." ती म्हणायची, बहाणे पुरेत.

तो जाऊन चार महिने झाले होते. तो गेला त्या दिवशी बारा वाजता ऑफिसातून फोनवर तिने त्याला नको नको ते ऐकवलं. शेवटी म्हणाली, "तू नसतास तर सुटले असते." आणि फोन ठेवून दिला. संध्याकाळी ती घरी आली, तर तो याच खुर्चीत गेलेला. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले.

मग त्याच्या बाजूला त्याने लिहिलेली एक फाइल सापडली. 'लवकर ये. तू नसलीस की घर खायला उठतं.' तारीख त्याच दिवसाची, वेळ तीन दहा. म्हणजे फोननंतर तीन तासांनी. त्याने मनाला लावून घेतलं नव्हतं. तेव्हापासून रोज सकाळी ती फाइल उघडायची, वेळ बघायची आणि कामाला लागायची. त्या तीन दहाच्या जोरावर ती उभी होती.

"नेट लागलं, ताई," दुरुस्तीवाला म्हणाला. "आणि साहेबांचं घड्याळ साडेपाच तास पुढे होतं, तेही लावून दिलं. मशीनच्या पोटात घड्याळ एकच असतं. तुमची बाजू त्याला इथली वेळ समजते. साहेबांची बाजू परदेशातली समजायची आणि वर साडेपाच तास मिळवायची."

"म्हणजे बारा वाजता त्याच्याकडे खरंच साडेपाच वाजायचे?"

"साडेपाचच दिसत असणार. आता दोन्हीकडे सारखं. फक्त जुन्या फायलींवरची वेळ बदलत नाही. तिथे साडेपाच तास वजा करून वाचा."

तो बॅग आवरू लागला. तिने बोटांवर मोजलं. चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजलं. सकाळचे नऊ चाळीस.

फोननंतर त्याने काहीच लिहिलं नव्हतं.