सात थेंब

"पण हे तुम्हाला सुचलं कसं?" मासिकाकडून आलेल्या बाईंनी बरणी पुन्हा नाकाशी नेली. "गाजराच्या बियांचं तेल मी बऱ्याच ठिकाणी हुंगलंय. ओलसर तळघरात कोंडल्यासारखं होतं. तुमच्या मलमाचा वास मात्र नाकातून जाऊच नये असं वाटतं."

"सुचलं असंच एकदा," छोटी म्हणाली.

छोटी हे ती पूर्वी शिकायला होती त्या अत्तराच्या कारखान्यातलं नाव. चाळिशी ओलांडली, चेहऱ्याच्या तेलांचं आणि अत्तरांचं स्वतःचं दुकान झालं, तरी ते चिकटलं ते चिकटलंच.

मागच्या मोरीवर आई बाटल्या धूत होती. ब्रश काचेवर घासल्याचा आवाज पुढे ऐकू येत होता.

"सात थेंब घालता म्हणे? बाकीचे तिनाच्या पुढे जायला घाबरतात."

"आधी ते देवदाराच्या तेलात मुरू द्यायचं. पंधरा दिवस. मग त्याचा आगाऊपणा जातो. सातच्या सात थेंब गुण्यागोविंदानं नांदतात."

बाईंनी सगळं लिहून घेतलं. उठता उठता मागे नजर टाकली. "आणि ह्या कोण?"

"मदतीला असतात," छोटीच्या तोंडून निघून गेलं.

ब्रश क्षणभर थांबला. मग पुन्हा फिरू लागला.

जेवताना छोटी नुसता भात चिवडत होती. "आई, मघाशी मी..."

"अगं, मदतीलाच असते ना मी? खोटं काय बोललीस?" आईनं तिच्या ताटात आणखी भात वाढला. छोटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि ते एकच खोटं असतं तर एक वेळ चाललं असतं. 'सुचलं' हे त्याहून मोठं होतं. आई मोठ्या बाईंच्या अत्तराच्या कारखान्यात अठरा वर्षं बाटल्या धूत होती. तिच्या शब्दाखातर मोठ्या बाईंनी छोटीला शिकायला घेतलं. वासाची कागदी पट्टी नाकापासून किती लांब धरायची इथपासून सगळं हाताला धरून शिकवलं. आणि एका दुपारी बाई जेवायला गेल्या असताना छोटीनं त्यांच्या वहीतलं एक पान उतरवून घेतलं. वर्षभरात काम सोडून दुकान थाटलं. पुढे बाईंचे गुडघे गेले, कारखाना बंद पडला, आणि छोटीच्या बरणीचं नाव झालं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पुष्कळ असतात. हिनं तर वासच पळवला होता.

पहिली बरणी तयार झाली तेव्हा आईनं मलम मनगटाला लावून, डोळे मिटून, बराच वेळ हुंगलं होतं.

"तूच शोधलंस?"

"हो."

"बरं जमलंय," म्हणून आई मोरीकडे वळली होती. त्या 'हो'ची आठवण झाली की छोटीचे कान आजही तापत.

आता ते खोटं छापून येणार होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती मोठ्या बाईंच्या घरी गेली. बाई खिडकीशी, स्टुलावर पाय ठेवून बसल्या होत्या. छोटीनं बरणी त्यांच्यापुढे ठेवली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. ती दुपार, ते पान, ते 'सुचलं'. बसायची तिची छाती झाली नाही.

बाईंनी झाकणाला हातही लावला नाही.

"आईला सांगितलंस हे?"

"कुठल्या तोंडानं सांगू?"

"ही बरणी तिनं हुंगलीय?"

"रोज तीच तर भरते."

बाईंचा चेहरा उतरला. "आणि काही म्हणाली नाही?"

"बरं जमलंय म्हणाली. बाई, तुम्ही मला बोला, हवं तर दोन मुस्काटात मारा. मासिकाला मी आजच कळवते, तुमचंच नाव छापायला सांगते."

"नको!" बाई एकदम म्हणाल्या. मग काठी ओढून कशाबशा उठल्या. "माझ्या चपला दे इकडे. तुझ्या आईकडे जायचंय."

छोटीनं त्यांची वाट अडवली. "तिला यात ओढू नका, बाई. तिनं काही केलेलं नाही. तिला यातलं काही ठाऊकसुद्धा नाही."

बाईंनी मान वर केली नाही.

"बाटल्या धुता धुता तळाशी राहिलेल्या थेंबांतून ते तिनंच जमवलं होतं," त्या म्हणाल्या. "वहीत अक्षर तेवढं माझं आहे."