तात्यांचा चेहरा कुणाला दिसावा

"दोघं एकदम नका उभे राहू," फोटोवाला म्हणाला. "दोघांपैकी एकाला जरी परवानगी नसली, तरी चेहरा उघडत नाही."

चौकटीतल्या फोटोत तात्या तांबट आळीतल्या दुकानाबाहेर हंडा मठारत बसले होते. हातोडी स्पष्ट, हंड्यावरचे ठोके स्पष्ट, चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग. रस्त्यावर टिपलेला चेहरा कुणाकुणाला दिसावा, हे ज्याचं त्याने ठरवायचं, असा कायदा होता. तात्यांनी ते गेल्या दिवाळीत ठरवलं होतं आणि आता ते नव्हते. दुसरा फोटो त्यांनी कधी काढूच दिला नव्हता.

आधी दिगंबर पुढे झाला. वडिलांचं शेवटचं आजारपण त्यानेच काढलं होतं. चौकटीने त्याचे डोळे ओळखले. डाग तसाच राहिला.

"म्हातारा विसरला असेल," तो हसला. "रोज समोर असणाऱ्याचं नाव कोण घालतं? जा रेवा, तू बघ. पण नाही दिसलं तर रडू नकोस. लग्न करून गेलीस तेव्हापासून, अकरा वर्षं, तुझं नावही काढलं नाही त्यांनी."

तो बाहेर बाकावर जाऊन बसला.

रेवती चौकटीसमोर उभी राहिली. डाग हळूहळू विरला. तात्यांची दाढी वाढली होती, समोरचा एक दात पडला होता. हातोडी थांबवून ते थेट तिच्याकडे बघत होते.

"काय गं?" बाहेरून दिगंबरने विचारलं. "दिसले?"

तिने डोळे पुसले आणि चौकट भिंतीकडे वळवून ठेवली.

"नाही रे दादा," ती म्हणाली. "मलाही नाही."