हेड जड लागतंय

"आणखी जड झालं!" जगदीश हँडल सोडून ओरडला. "वर नेता नेता दम निघाला. काल एवढं नव्हतं. कमल, ऐकतेस ना?"

कमलाबाई ऐकत होती. सकाळपासून दुसरं काही ऐकायची सोयच नव्हती. परळच्या चाळीतली तळमजल्याची ती खोली केवढीशी, आणि त्यात ते मिलिंग मशीन म्हणजे घरात बांधलेली म्हैसच. लोखंड कापणारं त्याचं हेड, मोटारीसकट, खांबावर वरखाली सरकायचं. वर न्यायचं तर बाजूचं हँडल फिरवायला लागायचं. हँडल होतं भिंतीच्या कोपऱ्यात, डावा हात पोचायचाच नाही. आणि उजव्यावरून गेल्या वर्षी वारं गेलेलं. ज्या हातात चहाचा कप ठरत नाही, त्या हाताने हेड काय उचलणार, कपाळ?

मुलीने, प्रितीने, साफ सांगून टाकलं होतं. "बाबा, तुमचं तुम्हाला चालवता येत असेल तर ठेवा. नाहीतर विकून मोकळे होऊ. एखाद्या दिवशी हँडल सुटेल आणि जबडा फोडेल." आज ती माटुंग्याहून गिऱ्हाईक घेऊन निघाली होती. तिच्यासमोर हेड वर गेलं तर मशीन राहणार, नाही गेलं तर टेम्पोत चढणार. कारखाना सुटला त्यानंतर जगदीशने आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं. मशीन गेलं की आपणही खाटेला लागलो, हे त्याच्या मनाने घेतलं होतं.

म्हणून तर त्याने तो उपाय केला होता. हेडला तारेचा दोर बांधला, दोर छताच्या तुळईवरच्या पुलीवरून घेतला आणि दुसऱ्या टोकाला तेलाचा पत्र्याचा डबा टांगला. डब्यात लोखंडी वजनं. भायखळ्याच्या मंडईतल्या रघुने इलेक्ट्रॉनिक काटा घेतला, तेव्हा भाजी तोलायची जुनी वजनं याला अशीच देऊन टाकली होती. डबा खाली ओढणार, म्हणजे हेड तेवढं हलकं होणार. पहिल्या दिवशी हेड नुसत्या दोन बोटांनी वर गेलं. जगदीश चाळभर सांगत सुटला. कमलाबाईने डब्यावर झाकण घातलं. "धूळ बसते," म्हणाली.

आणि मग कोणाची दृष्ट लागली कोण जाणे. हेड दिवसेंदिवस जड व्हायला लागलं. जगदीशने पुलीला ग्रीस चोपडलं, खांब पुसपुसून लख्ख केला, दोराला तेल पाजलं, पुली विकणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. रोज हँडलला भिडायचा, रोज घामाघूम व्हायचा. कसंबसं वर न्यायचा आणि पुन्हा खाली आणायचा. डब्यात बघावं असं त्याच्या मनातही आलं नाही. वजनं त्याने स्वतः भरली होती, आणि लोखंड काही साखरेसारखं विरघळत नाही.

हाताच्या व्यायामासाठी हॉस्पिटलातून आणलेला रबरी चेंडू मात्र कपाटावर तसाच पडून होता. "दाबा, सोडा, दाबा, सोडा! मी काय पाळण्यातलं पोर आहे?" एवढं म्हणून त्याने तो जो भिरकावला, तो पुन्हा हातात घेतला नाही. कमलाबाईने महिनाभर मिनतवाऱ्या केल्या. मग तीही बोलायची थांबली.

आता जगदीश दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला.

"एक वजन उरलंय, तेही टाकू," तो म्हणाला. "चढ स्टुलावर. झाकण काढ."

"आता कशाला? येतील एवढ्यात."

"अगं, त्यांच्यासमोर मध्येच अडकलं तर? गेलं मग मशीन! चढ म्हणतो ना!"

हेड खाली होतं, त्यामुळे डबा वर तुळईपाशी लोंबत होता. कमलाबाई स्टुलावर चढली. झाकणाला हात लावून नुसतीच उभी राहिली. खाली जगदीश डाव्या हातात वजन धरून ताटकळला होता.

"काढतेस की पूजा करतेस त्याची?"

तिने झाकण ओढलं, आणि स्टूल लटपटलं. डबा कलंडला. कमलाबाई "आई गं!" म्हणून कोसळणार, तोच जगदीशने झेप घेऊन तिचं मनगट पकडलं. ती पायांवर उतरली. झाकण घरंगळत दारापर्यंत गेलं, आणि मागून डब्यातून तिच्या जुन्या लुगड्याचा एक बोळा खाली पडला. बाकी काहीच पडलं नाही. डब्यात काही नव्हतंच.

जगदीश बोळ्याकडे बघत राहिला.

"वजनं कुठायत?"

"पलंगाखाली. ट्रंकेत. झाडू मारताना रोज एक काढत होते, उरलेली खडखडू नयेत म्हणून बोळा कोंबला. काल शेवटचं काढलं. चेंडूला तुम्ही शिवत नव्हता, मग मी करायचं तरी काय?"

"फसवलंस मला?" त्याचं डोकं भणाणलं. "तेही आज, गिऱ्हाईक दारात येताना? अगं, वजनाशिवाय ते हेड..." तो मध्येच थांबला. "मग सकाळी वर कसं गेलं?"

बाहेरून प्रितीची हाक आली. "बाबा, आलो आम्ही!"

"सांगते. आधी सोडा, मनगट मोडाल माझं." कमलाबाईचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. "कुठल्या हाताने धरलंय बघा."